२४ डिसेंबरचं इटालियन माशांचं जेवण: सात प्रकार, चार शेगड्या आणि व्याही जेवायला

जुडीभर_कोथिंबीर | २ डिसेंबर

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे.

आमची सून इटालियन-अमेरिकन. नाताळच्या आदल्या रात्रीचं माशांचं जेवण दरवर्षी तिच्या माहेरी असतं. आम्ही आपलं वाइनची बाटली घेऊन जायचं आणि डबे भरून परत यायचं. यंदा त्यांचं स्वयंपाकघर उकरून ठेवलंय आणि कॉन्ट्रॅक्टर जानेवारीशिवाय हलायचं नाव घेत नाही. आमच्या नवरोबांनी भर जेवणात "मग आमच्याकडे या की!" असं जाहीर केलं. ते सांगून मोकळे, निस्तरायचं मला.

माणसं ११. त्यात सासूबाई शुद्ध शाकाहारी, एक पाच वर्षांचा नातू (हा फक्त पास्ता खातो) आणि विहीणबाईंच्या धाकट्या जावेला कोळंबीची अॅलर्जी. शेगड्या चार, ओव्हन एक. विहीणबाईंची आई साठेक वर्षांपूर्वी सालेर्नोकडून इकडे आली, त्यामुळे सगळा बाज दक्षिण इटलीचा आहे. दहा वाजता मंडळी चर्चला निघतात, म्हणजे साडेसहाला बसायलाच हवं.

प्रश्न असे: सात मासे म्हणजे मोजून सातच लागतात का? तो खारवलेला कॉड कधी भिजत घालायचा (तीन दिवस लागतात म्हणे)? ईल आणावाच लागतो का (मला बघवतही नाही)? आणि आदल्या दिवशी काय काय उरकता येईल? मासे मला नवीन नाहीत, माहेर वेंगुर्ल्याचं आहे. पण हे आमटी-भाताचं गणित नाही.

---

फक्तवाचक | २ डिसेंबर

येऊ द्या. चहा घेऊन बसले आहे.

---

नापोलीकर | ३ डिसेंबर

नोकरीनिमित्त बरीच वर्षं नापोलीत (म्हणजे नेपल्समध्ये) आहे, त्यामुळे या विषयावर कुणी थांबवेपर्यंत बोलेन.

पहिली गोष्ट, इथे कुणी सात मोजत नाही. 'सात माशांची मेजवानी' हे नाव तुमच्याकडचं, अमेरिकेतल्या इटालियन घरांतलं. इथे या जेवणाला नुसतं 'विजिलियाचं जेवण' म्हणतात. विजिलिया म्हणजे सणाची पूर्वसंध्या. नियम एकच, मांस नाही. मग कुणाकडे पाच प्रकार, कुणाकडे बारा. कालाब्रियात बऱ्याच घरांत तेरा पदार्थ करायची पद्धत आहे, पण ते सगळे माशांचे नसतात.

इथलं चित्र सांगतो म्हणजे मेनूचा अंदाज येईल. २३ च्या रात्री पोर्ता नोलानाचा मासळीबाजार बंदच होत नाही, पहाटेपर्यंत दिवे आणि आरडाओरडा चालू. निळ्या प्लॅस्टिकच्या टबांत पाण्याची धार सोडलेली असते आणि त्यात कापितोने, म्हणजे मोठ्या मादी ईल, वळवळत असतात. एखादी उसळी मारून रस्त्यावर येते. कोळीण शिव्या देत फडक्याने धरते आणि परत टबात टाकते. गिऱ्हाईक तोवर भाव करतच असतं.

जेवणाचा क्रम ठरलेला. आधी थंड पदार्थ: ऑक्टोपसचं सॅलड, लिंबू-तेलात मुरवलेल्या ताज्या अँचोवी (हे छोटे मासे), शिंपल्या. मग तिसऱ्यांची स्पॅगेटी. मग तळण: बक्कला (हाच तुमचा खारवलेला कॉड), ईलचे तुकडे, माकुळ. बाजूला इन्सालाता दी रिन्फोर्त्सो, म्हणजे उकडलेला फ्लॉवर, ऑलिव्ह, खारवलेल्या अँचोवी आणि पापाचेल्ले नावाच्या गोल बुटक्या मिरच्या व्हिनेगरमध्ये घातलेल्या. ही कोशिंबीर २४ ला करतात आणि संपेल तशी भर घालत ६ जानेवारीपर्यंत चालवतात. शेवटी कच्च्या बडीशेपेच्या कंदाच्या फोडी, सुकामेवा, सुके अंजीर आणि स्त्रुफोली (मधात घोळवलेल्या तळलेल्या गोळ्या).

तुम्हाला चार शेगड्यांवर हे जमवायचं असेल तर पदार्थ मोजू नका, ऐन वेळी पेटणाऱ्या शेगड्या मोजा. थंड पदार्थांना त्या वेळी शेगडी लागत नाही. पास्त्याला तीन लागतात. तळणाला दोन, पण ते पास्ता ताटात पडल्यावर. या हिशेबात बसेल तेवढंच करा.

---

खाजणातला_बगळा | ३ डिसेंबर

देवासाठी उपास आणि पानात बारा प्रकार! आपली 'एकादशी दुप्पट खाशी' समुद्रापार पोचलेली दिसते.

---

दफ्तरदार | ३ डिसेंबर

बगळेबुवा, विनोद बाजूला ठेवला तरी मूळ तेच आहे. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेत नाताळच्या आदल्या दिवशी उपास आणि मांसवर्ज्य दोन्ही सांगितलेलं होतं. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी नियम सैल केले आणि हा दिवस बंधनातून सुटला. म्हणजे आज ही मंडळी मासे खातात ती नियम म्हणून नव्हे. आजीने केलं, आईने केलं, म्हणून.

आणि कॉड मुळात इटलीच्या समुद्रातला मासाच नाही. १४३१ मध्ये पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा व्यापारी क्रीटहून फ्लँडर्सकडे निघाला, वादळात भरकटला आणि उरलेल्या खलाशांसह १४३२ च्या जानेवारीत नॉर्वेच्या लोफोतेन बेटांपाशी किनाऱ्याला लागला. तिथल्या कोळ्यांनी त्यांना सांभाळलं. तिथे काठ्यांवर टांगून, मीठ न लावता, नुसत्या थंड वाऱ्यावर वाळवलेला कॉड त्याने पाहिला आणि त्याचं वर्णन लिहून ठेवलं. हा झाला स्तोक्काफिस्सो. मीठ लावलेला तो बक्कला. पुढे सोळाव्या शतकात ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेनंतर उपासाच्या दिवसांची शिस्त कडक झाली. टिकणारा, बंदरापासून लांब डोंगरातल्या गावातही नेता येणारा मासा हवाच होता. तो असा घरोघरी गेला.

---

मिलानची_मंदा | ३ डिसेंबर

नापोलीकर म्हणजे अख्खी इटली नव्हे हं! आमच्याकडे उत्तरेत खरं मोठं जेवण २५ च्या दुपारचं. २४ ची रात्र बरीच साधी. व्हेनिसकडे बिगोली इन साल्सा करतात, कांदा मंद आचेवर पार विरघळेपर्यंत परतायचा, त्यात खारवलेल्या अँचोवी, आणि जाड शेवयांसारखा पास्ता. तीन वस्तूंचा पदार्थ आणि इतका चविष्ट! रोममध्ये ब्रोकोली आणि पाकट माशाचं सूप असतं. आणि व्हेनिसचं 'बक्कला मान्तेकातो' नावाला बक्कला, पण करतात स्तोक्काफिस्सोचं. तेव्हा दुकानात काय मागताय ते नीट बघा.

---

खारा_वारा | ४ डिसेंबर

कोथिंबीर, वेंगुर्ल्याच्या बाईला खारा मासा शिकवायचा म्हणजे काय! सुरमईचे खारे तुकडे तासभर पाण्यात टाकतो आणि तव्यावर घेतो की आपण. या कॉडला तीन दिवस कशाला?

---

नापोलीकर | ४ डिसेंबर

आपला खारा तुकडा पेजेबरोबर चिमटीने खायचा असतो. खारटपणा हीच त्याची गंमत, तोंडी लावणंच ते. बक्कला पानात मुख्य मासा म्हणून येतो, दीडशे ग्रॅमचा तुकडा माणूस एकट्याने खातो. मीठ काढलं नाही तर पहिल्या घासाला पाणी मागतील.

कोथिंबीर, पद्धत अशी. मधला जाड भाग मागा, शेपटीकडचा पातळ नको. नऊ खाणाऱ्यांना किलोभर कोरडा पुरे, भिजून फुगतो. वरचं मीठ नळाखाली धुऊन टाका. मोठ्या भांड्यात कातडी वर करून ठेवा म्हणजे मीठ खाली उतरतं. भरपूर गार पाणी, झाकण आणि फ्रिज. ओट्यावर ठेवू नका, घर हीटिंगने गरम असतं. दिवसातून तीनदा पाणी बदला. जाड तुकड्याला तीन दिवस लागतात, म्हणजे २१ च्या संध्याकाळी घातलात की २४ च्या संध्याकाळी बरोबर. २३ ला रात्री सगळ्यात जाड जागेतला नखाएवढा तुकडा तोडून उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका आणि चाखा. खारट लागला तर पाणी बदलायचा वेग वाढवा. अगदीच अळणी झाला तरी पंचाईत, मग वरून मीठ घातलं तरी ती चव येत नाही.

तळायच्या आधी फडक्यावर तासभर पसरून खडखडीत कोरडा करा. नुसत्या मैद्यात घोळवून जास्तीचा झटका. अंडं नाही, ब्रेडचा चुरा नाही. तेल १८० अंशांना.

---

चिंचगूळ | ४ डिसेंबर

मैद्यात थोडं तिखट-हळद आणि रवा घातला तर? आमच्याकडे सगळेच मासे रव्यात.

---

जुडीभर_कोथिंबीर | ४ डिसेंबर

चिंचगूळ, ते २६ तारखेला, उरलेल्या माशांचं. :) व्याह्यांच्या पानात रवा दिसला तर सून मला काही बोलणार नाही, पण तिची आत्या वर्षभर बोलेल.

---

एडिसनचा_आप्पा | ५ डिसेंबर

मी यात जरा वेगळा सूर लावतो. नापोलीकर यांचं सगळं मान्य, पण "इथे कुणी सात मोजत नाही" हे न्यू जर्सीतल्या माणसाला ऐकवायची गोष्ट नाही. इथे मोजतात. आमच्या गल्लीत निम्मी घरं इटालियन आहेत. २३ डिसेंबरला सकाळी मासळीच्या दुकानाबाहेर रांग लागते, आणि रांगेत उभ्या माणसांचा एकच विषय, तुमचे सात कुठले? त्यांचे आजोबा-पणजोबा गावाकडून निघाले तेव्हा अशी ताटं त्यांना कुठे मिळत होती? इथे चार पैसे हातात आले, मासा स्वस्त होता, तेव्हा सात झाले. कुणी सात संस्कार सांगतं, कुणी सृष्टीचे सात दिवस, कुणी रोमच्या सात टेकड्या. कारण कुठलंही असो, पाहुणे इथले आहेत. तेव्हा सात भरवा.

फक्त सात पदार्थ करावे लागत नाहीत, सात जीव पानात आले की झालं. फ्लॉवरच्या कोशिंबिरीतली अँचोवी मोजतात. एकाच थंड सॅलडमध्ये ऑक्टोपस आणि माकुळ घातलं की दोन झाले. आमच्या शेजारच्या आजी ट्यूना भरलेल्या मिरच्यांची बरणी उघडतात आणि एक आकडा वाढवतात, कुणी चकार शब्द काढत नाही.

---

नापोलीकर | ५ डिसेंबर

आप्पा, बिनतोड. माघार.

---

जुडीभर_कोथिंबीर | ५ डिसेंबर

आप्पा, हे फार कामाचं सांगितलंत! अँचोवी, ऑक्टोपस, माकुळ, तिसऱ्या, बक्कला: पाच तर झालेच.

ईलचं काय करू?

---

मिलानची_मंदा | ५ डिसेंबर

नको आणूस गं. युरोपातला ईल अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे, तुमच्याकडचा अमेरिकन ईलही संकटग्रस्त. दोन्ही जाती पार सार्गासो समुद्रात जाऊन अंडी घालतात, आणि शेतीत वाढवलेला म्हणून जो विकतात त्याचीही पिल्लं समुद्रातूनच पकडलेली असतात. पिंजऱ्यात अंड्यापासून वाढवून विकण्याइतकं ते अजून जमलेलं नाही. इटलीतही तरुण मंडळी आता घेत नाहीत.

---

नापोलीकर | ५ डिसेंबर

दुजोरा. इथे सांगतात की ईल म्हणजे एदेन बागेतला साप, नाताळच्या रात्री त्याला कापून तळायचा आणि खाऊन टाकायचा. गोष्ट छान आहे. पण माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांत तो आजोबांपुरता उरला आहे. तुमच्या विहीणबाईंना सरळ विचारा, तुमच्याकडे कुठला पदार्थ नसला तर नाताळ झाल्यासारखा वाटणार नाही? तो एक करा, बाकी तुमच्या सोयीने.

---

बोस्टनची_भाकरी | ६ डिसेंबर

सासूबाईंचं कुणीच बोलत नाहीये! मी स्वतः शाकाहारी, आणि अशा जेवणांत मला कायम ब्रेड आणि ऑलिव्ह मिळतात. कृपया त्यांना "तुमच्यासाठी वेगळा राजमा केलाय" करू नका. टेबलावर जे आहे त्यातलंच काहीतरी द्या.

---

नापोलीकर | ६ डिसेंबर

द्यायला भरपूर आहे. फ्लॉवरची कोशिंबीर अँचोवी घालायच्या आधी बाजूला काढा. काम्पानियाच्या डोंगराळ भागात याच रात्री अक्रोडाची स्पॅगेटी करतात. त्यात अँचोवी वगळली तर उरतात तेल, लसूण, जाडसर कुटलेले अक्रोड, पार्सली. हवा तर कुरकुरीत परतलेला पावाचा चुरा. नातवालाही तीच चालेल, लसूण कमी करून.

आणि पास्ता क्रेशूता! यीस्ट घालून फुगवलेल्या सैल पिठाची भजी. ५०० ग्रॅम मैद्याला साधारण ४०० मिली कोमट पाणी, यीस्ट, मीठ. हाताला चिकटेल इतपत सैल, दीड-दोन तास झाकून. मग ओल्या चमच्याने तेलात सोडायची. आत जाळी, बाहेर कुरकुरीत. इथे त्यात समुद्री शेवाळ घालतात, सासूबाईंना विचारून ठरवा. नुसतीही पहिल्या पाच मिनिटांत संपतात.

एक खबरदारी. परमेजान, पेकोरिनो हे जनावराच्या रेनेटने (वासराच्या पोटातल्या विरजणाने) विरजलेले असतात, त्यांच्या पानात किसू नका. तिसऱ्यांच्या पास्त्यावर तर कुणाच्याच नको.

---

चिंचगूळ | ६ डिसेंबर

चीज नाही??

---

नापोलीकर | ६ डिसेंबर

नाही. इथे मागितलंत तर वेटर आणून देईल, पण बशी ठेवताना तुमच्याकडे बघणार नाही.

---

डॉ_कळवळे | ६ डिसेंबर

अॅलर्जीबद्दल. त्या बाईंना नक्की कशाची आहे ते नीट विचारून घ्या. कोळंबी, खेकडा, शेवंड हे कवचवाले एका गटात. तिसऱ्या, शिंपल्या, माकुळ, ऑक्टोपस हे मृदुकाय प्राणी दुसऱ्या गटात. काहींना फक्त पहिल्याची असते, काहींना दोन्हींची. "कोळंबी चालत नाही" एवढ्यावर माकुळ वाढू नका. ज्या तेलात कोळंबी तळली त्या तेलातलं काहीही त्यांना देऊ नका, तेच झाऱ्याचं आणि चिमट्याचं. सगळ्यात सोपं म्हणजे त्या रात्री घरात कोळंबी आणूच नका. सात भरायला बाकी समुद्र पडलाय.

---

जुडीभर_कोथिंबीर | ७ डिसेंबर

विहीणबाईंशी फोनवर तासभर बोलले. मासे पाच मिनिटं, कॉन्ट्रॅक्टर पंचावन्न.

ईल त्यांची आई गेल्यापासून कुणी खाल्लेला नाही, आणायचा नाही. बक्कला हवाच. आणि तळलेले स्मेल्ट्स हवेत, त्याशिवाय व्याह्यांचं पान हलत नाही. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साधारण मांदेलीएवढे चंदेरी मासे, डोकं-शेपटीसकट खातात.) भरलेलं माकुळ टोमॅटोच्या रसात त्या स्वतः करून आणणार, म्हणजे माझी एक शेगडी वाचली. जाऊबाईंना फक्त कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी आहे, डॉक्टरांच्या चाचणीनुसार. तिसऱ्या आणि माकुळ त्या नेहमी खातात. तरी कोळंबी बाद.

आता ऑक्टोपस आणि तिसऱ्यांवर कुणीतरी बैठक मारा. आमच्याकडे तिसऱ्यांत खोबरं पडतं, एवढंच माझं ज्ञान.

---

खारा_वारा | ७ डिसेंबर

तिसऱ्यांचं मी सांगतो, आपल्याकडे आणि तिकडे साफ करायची रीत एकच. इटलीतल्या वोंगोले लहान आणि पातळ कवचाच्या. तुझ्याकडे लिटलनेक मिळतील, त्या जाड कवचाच्या, त्यातल्या त्यात बारीक निवडून घे. कवच जड म्हणून नऊ जणांना अडीच-तीन किलो लागतील. लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालून गार पाणी कर, समुद्राएवढं खारं. त्यात जाळीवर ठेव, म्हणजे सोडलेली वाळू खाली बसते आणि त्या ती परत ओढत नाहीत. अंधारात दोन-तीन तास. उचलताना तिसऱ्याच उचलायच्या, पाणी वरून ओतायचं नाही, नाहीतर सगळी वाळू पुन्हा त्यांच्याच डोक्यावर. फुटलेली टाक. उघडी असेल तिला टिचकी मार, मिटली नाही तर टाक.

साध्या पाण्यात घालू नकोस, मरतात.

---

नापोलीकर | ७ डिसेंबर

पुढचं मी. रुंद भांड्यात तेल आणि ठेचलेला लसूण, वास सुटला की काढून टाका. तिसऱ्या, झाकण, मोठी आच. उघडतील तशा काढून घ्या, जास्त ठेवल्या की रबर. शिजूनही मिटलेली राहील ती टाका. खाली जो रस उरतो तो पातळ फडक्यातून गाळा. अख्खा पदार्थ त्या रसावर उभा आहे, सांडला तर बिनचवीची स्पॅगेटी खावी लागेल.

इतके प्रकार असताना पास्ता माणशी ७० ग्रॅम पुरे, म्हणजे ६३० ग्रॅम. एवढा एका कढईत हलवता येत नाही. दोन कढया घ्या, रस दोन्हींत वाटा. पाण्यात मीठ नेहमीपेक्षा कमी, कारण रस खारट असतो. पाकिटावरच्या वेळेच्या तीन मिनिटं आधी स्पॅगेटी काढून रसात टाका आणि जोरात हलवत शिजवा. पास्त्यातला स्टार्च आणि तेल मिळून येतं, दाटसर चकचकीत आवरण चढतं. मग तिसऱ्या, भरपूर पार्सली, आवडत असेल तर सुकी लाल मिरची. टोमॅटो घालावा की नाही यावर इथे भावंडं भांडतात. मी न घालणाऱ्यांपैकी.

ऑक्टोपस गोठवलेलाच घ्या. गोठून त्याचे स्नायू सैल होतात, आपटत बसावं लागत नाही. २३ ला करा. फ्रिजमध्ये वितळवून, उकळत्या पाण्यात पाय तीनदा बुडवून वर काढा म्हणजे टोकं वळतात. मग मंद आच. किलोभराला पाऊण ते एक तास, पायाच्या मुळाशी सुरी सहज गेली पाहिजे. गॅस बंद करून त्याच पाण्यात गार होऊ द्या. मीठ घालू नका. उकडलेला बटाटा, सेलरी, लिंबू, तेल. २४ ला वाढण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, फ्रिजमधलं थंडगार खाल्लं तर चव कळत नाही.

---

एडिसनचा_आप्पा | ८ डिसेंबर

तळणाचा क्रम मनाशी पक्का करा. सगळ्यात आधी कोऱ्या तेलात सासूबाईंची भजी, त्यांच्याच कढईत. मग त्याच तेलात बक्कला. स्मेल्ट्स सगळ्यात शेवटी, त्यांचा वास तेलाला लागतो. कढई गच्च भरू नका, तेल थंड पडतं आणि मासा तेल पितो. आणि तळलेलं डब्यात झाकून ठेवायची आपली सवय त्या दिवशी सोडा. जाळीवर उघडं ठेवा, १०० अंशांच्या ओव्हनमध्ये, दार किंचित उघडं.

मी दरवर्षी मागच्या अंगणात बार्बेक्यूच्या बाजूच्या शेगडीवर तळतो. डिसेंबरची थंडी असते, कानटोपी घालून उभा राहतो, पण घरातला धुराचा अलार्म बोंबलत नाही.

---

जुडीभर_कोथिंबीर | ८ डिसेंबर

आप्पा, नवरोबांना कानटोपी मिळाली. "आमच्याकडे या" म्हणणाऱ्याने तळायचं, असा ठराव झाला.

---

गोंयकार | ८ डिसेंबर

उशिरा आलो. आमच्या गोव्यात नाताळात मासळीपेक्षा सोरपोतेलला (डुकराच्या मांसाच्या कालवणाला) मान जास्त, पण पोर्तुगालमध्ये २४ च्या रात्री उकडलेला बक्कलाच असतो, बटाटे आणि कोबीबरोबर, वर ऑलिव्हचं तेल. तो त्यांचा 'बाकाल्याव'. तळायला कंटाळा आला तर हा मार्ग मोकळा आहे.

---

मिलानची_मंदा | ८ डिसेंबर

अजून एक पदार्थ वाढवायचा असेल तर कोलातुराची छोटी बाटली आण. आमाल्फीच्या किनाऱ्यावर चेतारा गाव आहे, तिथे अँचोवी मिठात थर देऊन लाकडी पिंपात दाबून ठेवतात आणि त्यातून गळणारा लालसर तपकिरी रस बाटलीत भरतात. २०२० पासून त्याला युरोपचं भौगोलिक संरक्षण आहे. त्या गावात २४ ला याचीच स्पॅगेटी असते. सालेर्नो शेजारीच, तेव्हा तुझ्या विहीणबाई ओळखतील. उकळवू नकोस. उकडलेल्या ब्रोकोलीवर लसूण, तेल आणि चमचाभर हा रस, इतकंच. सासूबाईंची ब्रोकोली आधी काढून.

---

फक्तवाचक | ९ डिसेंबर

गोडाचं काय? स्त्रुफोली घरी करायचे?

---

नापोलीकर | ९ डिसेंबर

२२ ला करून ठेवा, टिकतात. मैदा, अंडी, थोडी साखर, लोणी, लिंबाची साल. वाटाण्यापेक्षा जरा मोठ्या गोळ्या तळायच्या, गरम मधात घोळवायच्या, ताटात कडं करून वर रंगीत बारीक साखरेचे दाणे. गोळ्या मोठ्या केल्या तर आत मध पोचत नाही. बाहेरून आणले तरी कुणी फाशी देणार नाही.

आणि जेवणानंतर तोम्बोला! आपल्याकडचा तंबोला किंवा हाउजी, तेच ९० आकडे. नापोलीत प्रत्येक आकड्याला एक अर्थ आहे: २५ म्हणजे नाताळ, ४७ मेलेला माणूस, ४८ बोलणारा मेलेला माणूस, ७७ बायकांचे पाय, ९० भीती. आकडा ओरडणारा माणूस त्यावरून गोष्ट रचत जातो, गोष्ट जितकी चावट तितका हशा. आकडे झाकायला सुके घेवडे. सासूबाईंना पुकारायला बसवा.

---

जुडीभर_कोथिंबीर | १० डिसेंबर

सासूबाईंनी कॉलनीतली हाउजी पुकारली आहे, त्या आत्ताच तयार आहेत. ७७ चं त्यांना सांगायचं की नाही, ते बघते.

तर ठरलेलं: थंडमध्ये ऑक्टोपस-बटाटा आणि फ्लॉवरची कोशिंबीर अँचोवीसह. मग तिसऱ्यांची स्पॅगेटी, सासूबाई आणि नातवाला अक्रोडाची. मग भजी, बक्कला, स्मेल्ट्स, सोबत विहीणबाईंचं माकुळ आणि कोलातुराची ब्रोकोली. जीव मोजले तर सहा होतात. सातवा आत्याबाईंच्या ट्यूना-मिरचीच्या बरणीतून येतोय, त्यांनी स्वतःच सांगितलं. दुकानात आजच ऑर्डर दिली. दुकानदार म्हणाला १५ नंतर बक्कल्याचे मधले तुकडे उरत नाहीत. बक्कला २० ला घेणार, बाकीचं २३ ला सकाळी सातला.

शेवटची शंका. तिसऱ्या २३ ला सकाळी घरी आल्या तर २४ पर्यंत कशा ठेवू? बादलीत मिठाच्या पाण्यात?

---

खारा_वारा | १० डिसेंबर

बादलीत नाही. रात्रभर साचलेल्या पाण्यात गुदमरतील. प्लॅस्टिकची पिशवी सोड, चाळणीत पसर, खाली ताट, वर पिळून ओलं केलेलं फडकं, आणि फ्रिजमध्ये. खाऱ्या पाण्यात घालायच्या त्या २४ च्या दुपारी. फडकं वाळलं तर पुन्हा ओलं कर. जमलं तर दुकानदाराला २४ ला सकाळी उचलू का म्हणून विचार, ते सगळ्यात बरं.

---

जुडीभर_कोथिंबीर | १० डिसेंबर

विचारलं. २४ ला पहाटे साडेपाचला उघडतोय. कानटोपीवाल्यांनाच पाठवते.

---

बोस्टनची_भाकरी | १० डिसेंबर

भज्यांची पाककृती वाचनखुणेत साठवली आहे. मासेवाल्यांनी आपापसात चालू द्या.